बुधवारचा मासा

घरातल्या कर्त्या पुरुषाला स्वयंपाकाचा झटका आला, की शहाण्या बाईनं सरळ माहेर गाठावं. नूतनबाई बिसेन यांचं माहेर बोदलकसाजवळ, म्हणजे गोंदियापासून काही फार लांब नाही. पण त्या शनिवारी त्या गेल्या नाहीत, आणि तेवढीच त्यांची चूक. बाकी पुढं जे रामायण झालं त्यात त्यांची तिळाएवढीही चूक नव्हती, असं त्यांचं स्वतःचं म्हणणं आहे. (त्यांच्या म्हणण्यावर अपील करायची सोय त्या घरात नाही.)

झटका आला होता त्यांच्या यजमानांना. देवानंद बिसेन, वय त्रेपन्न, सरकारी कचेरीत वरिष्ठ लिपिक, राहणार कुडवा, गोंदिया. माणूस एरवी इतका गरीब, की चहात साखरेऐवजी मीठ पडलं तरी 'आज वेगळाच झाला' म्हणून पिऊन टाकील. स्वयंपाकघरात त्यांचं जाणं फक्त पाण्यापुरतं, आणि तेही ग्लास कुठं आहे हे विचारून. असा माणूस उठून पास्ता भाजायला निघाला, याला कारण होती रीना.

रीना ही त्यांची एकुलती एक लेक. पुण्याला एका कंपनीत कामाला होती. 'होती' म्हणायचं कारण असं, की कंपनीनं एका सकाळी तीनशे जणांना एकच ईमेल पाठवला आणि त्या तीनशेत रीनाचं नाव निघालं. सोमवारी ती तोंडाला ओढणी गुंडाळून स्टेशनवरून ऑटोनं घरी आली, आतल्या खोलीत गेली आणि भिंतीकडं तोंड करून झोपली. एवढंच म्हणाली, "कोणाला सांगू नका. मी घरी आहे हेसुद्धा सांगू नका."

आता कुडव्यात गुपित ठेवायचं म्हणजे चाळणीत पाणी भरायचं. शेजारच्या सुमित्राबाईंना तर बिसेनांच्या घरात कोणत्या दिवशी कोणती डाळ शिजली हे शिटीच्या आवाजावरून कळे. तरी नवरा-बायकोनं मिळून पाच दिवस ते गुपित सांभाळलं. रीनाच्या चपला कपाटात गेल्या, तिचे कपडे पंख्याखाली वाळले आणि नूतनबाई तिघांचा स्वयंपाक कुकरची शिटी काढून ठेवून, वर ताट झाकून करू लागल्या.

पण स्वयंपाक करून उपयोग काय? पोरगी दोन घास खाऊन ताट सरकवायची. गोळ्याची कढी केली, नको. वडाभात केला, नको. तिच्या लाडाचं, कोथिंबिरीच्या सांबारवडीचं ताट आत गेलं तसंच बाहेर आलं. देवानंद बिचारे दर तासाला दाराशी जात, खाकरत आणि विचारत, "बेटा, काय खाशील?" आतून उत्तर येई, "काही नाही." पोर वाळून चालली आणि आपण नुसतं पाहत बसलोय, या विचारानं त्यांना कचेरीत फायलीवरची अक्षरं दिसेनाशी झाली.

शुक्रवारी संध्याकाळी मात्र चमत्कार झाला. देवानंदनी सतराव्यांदा विचारलं, "बेटा, काहीतरी सांग. तू म्हणशील ते आणतो." तेव्हा भिंतीकडून आवाज आला, "टूनाचा पास्ता. भट्टीत भाजलेला. वरून चीज. माझ्या फ्लॅटवरची मंजू करायची. तोच पाहिजे, दुसरं काही नको."

"टूना म्हणजे तो डब्यातला मासा ना?"

"हो."

"तो खाल्ला का बरं वाटते तुले?"

"हो पप्पा. हो."

देवानंद बाहेर आले ते डोळे पुसतच. पाच दिवसांत पोरगी पहिल्यांदा एवढं सलग बोलली होती! ते नूतनबाईंना म्हणाले, "सापडलं! पोरीचं मन कशात अडकलं ते सापडलं. उद्या मी करतो. तिले सांगू नको, अचानक ताट समोर नेतो." नूतनबाईंनी नवऱ्याकडं जरा वेळ पाहिलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं.

त्याच पावली देवानंदनी स्कूटर काढली आणि बाजारातल्या गुलाबचंदचं दुकान गाठलं. पास्ता मिळाला, चीज मिळालं. टूनासाठी मात्र गुलाबचंदला शिडी लावावी लागली. सगळ्यात वरच्या फळीवरून, धुळीनं माखलेला एकुलता एक डबा खाली आला. गुलाबचंदनं फुंकर मारली, डबा पुसला आणि मोठ्या जिव्हाळ्यानं विचारलं, "बिल्ली पाली क्या, बिसेनबाबू?"

लेक घरी आहे हे तर सांगायचं नाही. "हाँ, पाली," देवानंद म्हणाले. (हे त्या प्रकरणातलं पहिलं खोटं. पुढंपुढं मोजदाद ठेवणं जमलं नाही.)

शनिवारी कचेरीला सुट्टी. सकाळी आठला देवानंदनी बनियनवर नूतनबाईंचा एप्रन चढवला आणि डबा ओट्यावर ठेवला. नूतनबाईंनी तो उचलला, उलटा केला, सुलटा केला, कानाशी नेऊन हलवला. तलावाकाठच्या गावातली बाई ती. मासोळी घ्यायची तर आधी कल्ला उचलून आतलं लाल पाहायचं, मग डोळे पाहायचे, मग बोटानं दाबून पाहायचं आणि एवढं झाल्यावर मासोळीवालीशी भांडायचं, हे तिथं पोरी चालायला लागतात तेव्हाच शिकतात.

"याचे कल्ले कोठं हायेत?"

"कल्ले नसते यात."

"डोळे?"

"डोळेही नसते."

"मंग हा मासा हाय, हे कशावरून?"

"अवं, लिहिलं आहे ना वरती!"

"लिहिलं तं तुमच्या कचेरीच्या भिंतीवरही हाय, तत्पर सेवा म्हून." नूतनबाईंनी डबा खाली ठेवला. "आन आज वार कोणता हाय?"

देवानंदच्या आता लक्षात आलं. शनिवार! मारुतीचा वार. या घरात शनिवारी अंड्याचं नावसुद्धा काढत नाहीत. पण पंचवीस वर्षं नियमांत राहून नियमांतून वाट काढण्यात ज्याचं आयुष्य गेलं, तो माणूस असा हार जातो होय? त्यांनी चष्मा लावला, डब्याच्या बुडावरची तारीख वाचली, मोबाइलवर कॅलेंडर मागं मागं सरकवलं आणि टेबलावर हात आपटला.

"बुधवार! हा मासा बुधवारी डब्यात गेला. शनिवारचा याचा काही संबंधच नाही. हा बुधवारचा मासा आहे, नूतन!"

"बुधवारी भरला असन. पकडला तं मंगळवारी असन ना?"

"पकडल्याची तारीख रेकॉर्डवर नाही," देवानंद ठामपणे म्हणाले.

नूतनबाईंनी हात जोडले. "तुमचा रेकॉर्ड तुमच्याजवळ. माह्या देव्हाऱ्यासमोर हे चालणार नाही. काय करायचं ते आंगणात करा, आन भांडी तीच घ्या, मागच्या मोरीतली." मोरीतली म्हणजे मटण-मासोळीची वेगळी भांडी. त्यातला एक मोठा जर्मनचा गंज, म्हणजे ॲल्युमिनियमचं पातेलं, देवानंदच्या वाट्याला आला.

डबा उघडायचं यंत्र घरात नव्हतं. देवानंदनी खिळा आणि हातोडी घेतली. पहिल्या घावाला डबा घरंगळत तुळशीपाशी गेला. दुसऱ्या घावाला खिळा वाकला. तिसऱ्या घावाला असं भोक पडलं, की आतल्या तेलाची पिचकारी थेट बनियनवर. पाच मिनिटांत गल्लीतली तीन कुत्री फाटकाबाहेर येऊन अदबीनं बसली.

मग पास्ता उकळणं. मोबाइलमधली बाई सांगत होती, की पास्ता थोडा कच्चा ठेवावा. हे खिडकीतून ऐकून नूतनबाई म्हणाल्या, "कच्चा कायले? पोरगी जेवून राहिली का गाय?" म्हणून देवानंदनी आणखी वीस मिनिटं उकळला. मग पांढरा रस्सा. मैद्याच्या अशा गाठी झाल्या, की आत कोणी मूठभर बोरं सांडली की काय असं वाटावं. त्या त्यांनी आधी चमच्यानं, मग रईनं आणि शेवटी हातानं फोडल्या. सगळं गंजात ओतलं, मासा मिसळला, वरून चीज किसलं आणि ताट झाकलं. इथवर सगळं ठीक होतं. (निदान देवानंदना तसं वाटत होतं.)

आता भाजायचं कशात? घरात भट्टी नाही. मोबाइलमधली बाई म्हणे, दोनशे डिग्री. देवानंद अंगणात येरझाऱ्या घालू लागले. पाणी उकळते शंभर डिग्रीला, म्हणजे आपल्याला उकळण्याच्या दुप्पट पाहिजे. आणि एकाएकी त्यांची नजर आंघोळीच्या पाण्यासाठी रचून ठेवलेल्या गोवऱ्यांवर गेली. गोवऱ्यांत रोडगे भाजतात! कणकेचे एवढाले गोळे आतपर्यंत खमंग भाजून निघतात, तर पास्त्याची काय टाप? रोडग्यांना वीस गोवऱ्या लागतात, दुपटीच्या हिशेबानं चाळीस घेऊ. त्यांनी गोवऱ्या रचल्या, मधोमध गंज बसवला, झाकणावरही चार गोवऱ्या ठेवल्या आणि काडी लावली.

थंडीचे दिवस, वारा पडलेला. धूर सरळ वर गेला, कुडव्याच्या डोक्यावर जाऊन उभा राहिला आणि सगळ्या गल्लीला दिसला.

त्या गल्लीची एक रीत आहे, ती इथं सांगितलीच पाहिजे. शनिवारी सकाळी कोणाच्या अंगणात गोवऱ्या पेटल्या, तर त्याचा एकच अर्थ: मारुतीचा नवस फेडणं चाललंय, रोडगे आहेत. या जेवणाला आवतन देत नाहीत. धूर हेच आवतन. ज्यानं धूर पाहिला त्यानं हातपाय धुऊन, आपलं ताट घेऊन, वाटेत मिळतील तेवढी वांगी उचलून यायचं. आलेल्याला परत पाठवलं तर नवस उलटतो. देवानंद स्वतः या रीतीनं तीस वर्षं दुसऱ्यांच्या अंगणात जेवून आले होते. पण अक्कल ही अशी वस्तू आहे, की गोवरी पेटल्यावरच आठवते.

भिंतीवरून सुमित्राबाईंचं डोकं वर आलं.

"काऊन जी बिसेनभाऊ, रोडगे करून राहिले?"

देवानंदनी आधी गंजाकडं पाहिलं, मग आतल्या खोलीकडं. मासा म्हणावं तर शनिवार. हौस म्हणावं तर पुढचा प्रश्न येणार, कोणासाठी? आणि आतल्या खोलीत तर ती 'कोणासाठी' झोपली होती.

"हो... रोडगेच," त्यांच्या तोंडून निघालं.

"नवस? रीनाचा का?"

देवानंदनी मान हलवली. आडवी हलवायची होती, ती उभी हलली.

"जमलं का जी पोरीचं?"

"जमून... राहिलं."

"मायबाई!" सुमित्राबाईंचं डोकं भिंतीआड गेलं आणि पुढच्या क्षणाला त्यांचा आवाज गल्लीत निघाला. पहिल्या घरी रीनाचं लग्न जमत होतं. तिसऱ्या घरी ते जमलं आणि मुलगा इंजिनिअर झाला. सातव्या घरी पोचेपर्यंत त्याचं नागपूरला दोन मजली घर बांधून झालं होतं आणि सासू स्वभावानं चांगली निघाली होती.

अर्ध्या तासात अंगणात पंचवीस माणसं. कोणी सतरंजी अंथरली. कोणी तीन किलो वांगी आणली आणि चार बायकांनी ती चिरायला घेतली. कोणी परातीत कणीक ओतली. "भाऊजीनं घातले असतीन ते पुरणार नाहीत," म्हणत दोघीजणी आणखी गोळे मळू लागल्या. आणि टाळ वाजवत, कपाळाला शेंदूर लावून, हातात नारळ घेऊन केवळराम गुरुजी आले. गुरुजी म्हणजे निवृत्त हेडमास्तर आणि गल्लीतल्या मारुतीचे अघोषित मालक. त्यांनी देवानंदना पोटाशी धरलं.

"शाब्बास, देवानंद! लेकीचं भलं झालं!" मग त्यांनी नाक आक्रसलं. "आंघोळ केली का रे?"

"घाम आहे गुरुजी. आगीपाशी बसून घाम येऊन राहिला."

गुरुजींनी आगीला प्रदक्षिणा घातली, उदबत्ती लावली आणि 'बजरंगबली की जय' म्हणून नारळ फोडून पाणी आगीवर शिंपडलं. पंचवीस माणसांनी हात जोडले. टूना फिशला एवढा मान जगात कुठं मिळाला नसेल. देवानंद एप्रनच्या टोकानं घाम पुसत खिडकीकडं पाहत होते. खिडकीत नूतनबाई होत्या. त्या मदतीला येतील अशी देवानंदना आशा होती. नूतनबाईंनी खिडकीचं दार लावून घेतलं.

मग वास सुटला. चीज उतलं, मासा तापला आणि धुरातून असा काही दर्प निघाला, की वांगी चिरणाऱ्या हातांचा वेग मंदावला.

"कशाचा वास येऊन राहिला जी?"

"ओवा जास्त पडला असन," गुरुजींनी निकाल दिला. "मोठ्या नवसाच्या रोडग्याले वास मोठाच असते. चला, पयला रोडगा काढा. मारुतीले नैवेद्य दाखवून येतो, मंग पंगत." आणि त्यांनी सांडशी उचलली.

देवानंदच्या डोळ्यांपुढं चित्र उभं राहिलं. शनिवार, भर बारा वाजता, कुडव्याचा मारुती आणि त्याच्यापुढं चीज घातलेला मासा! ते दोन्ही हात पसरून आगीच्या आडवे उभे राहिले.

"गुरुजी, हे नैवेद्याचं नाही!"

"काऊन? मंग कोणाचं हाय?"

"हे... आपलं... कच्चं आहे."

"दीड तासापासून जळून राहिलं, कच्चं कसं राहीन? सरक बाजूला."

"नाही सरकणार!"

"देवानंद, मारुतीच्या नैवेद्याले आडवा येते का रे?" गुरुजींचा हेडमास्तरी आवाज चढला. एकीकडं गुरुजी सांडशी घेऊन, दुसरीकडं देवानंद फुलांच्या एप्रनमध्ये. मासा सांगावा तर धर्म बुडाला, लेक सांगावी तर लेकीला दिलेला शब्द बुडाला. देवानंदना खरंच रडू आलं होतं.

तेवढ्यात मागचं दार उघडलं. विस्कटलेले केस, ढगळ टी-शर्ट, पायात एकच सापडलेली चप्पल, अशी रीना अंगणात येऊन उभी राहिली. गेला तासभर खिडकीआडून तिनं स्वतःचं लग्न, नवऱ्याची नोकरी आणि सासूचा स्वभाव, सगळं ऐकलं होतं.

"थांबा गुरुजी," ती म्हणाली. "माझं लग्नबिग्न काही जमलं नाही. माझी नोकरी गेलीय. पाच दिवस झाले, मी आतच आहे. मला लाज वाटत होती म्हणून पप्पा खोटं बोलले. आणि त्या गंजात रोडगे नाहीत. मासा आहे."

सुमित्राबाईंनी तोंडावर पदर नेला.

"मायबाई वं! शनिवारी मासोळी?"

"मासोळी?"

"मारुतीच्या आगीवर मासोळी!"

रीना गोंधळली. तिला वाटलं, लोकांना नीट ऐकू गेलं नाही. ती जरा मोठ्यानं म्हणाली, "काकू, मी म्हणते, माझी नोकरी गेली."

"गेली तं गेली वं माय, ते मंग पाहू. माह्या पोराची, हेमराजची, तीनदा गेली. तू आधी हे सांग, मासोळी कोणी आणली?"

पंचवीस बोटं देवानंदकडं वळली.

पाच दिवस जी गोष्ट छातीवर धोंड्यासारखी घेऊन पोरगी भिंतीकडं तोंड करून पडली होती, ती गल्लीनं वांग्याच्या देठासारखी बाजूला टाकली. रीनानं एकदा सुमित्राबाईंकडं पाहिलं, एकदा सांडशी घेतलेल्या गुरुजींकडं, एकदा फुलाफुलांच्या एप्रनमधल्या बापाकडं आणि ती हसायला लागली. आधी खुदकन, मग पोट धरून, मग पायरीवर बसून. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. ते हसू ऐकून देवानंदनी पसरलेले हात खाली घेतले. या हसण्यासाठी मारुतीच्या शिव्या खायला ते तयार होते. गुरुजींच्या तर होतेच.

अंगात बळ आल्यावर त्यांनी बचाव मांडला. "पण गुरुजी, मासा बुधवारचा आहे!"

"काय?"

देवानंदनी कचऱ्यातून डबा काढून पुरावा म्हणून सादर केला. गुरुजींनी चष्मा बदलला, तारीख वाचली, मोबाइलचं कॅलेंडर तपासलं. पूर्वी ते सहामाहीचे पेपर तपासायचे त्याच चेहऱ्यानं त्यांनी डबा तीनदा फिरवला. खिडकी किंचित उघडून नूतनबाई म्हणाल्या, "पकडला मंगळवारी असन, गुरुजी."

"घरातून फुटल्यावर बाहेरच्यानं काय करावं," देवानंद पुटपुटले.

गुरुजींनी घसा साफ केला. "मासा बुधवारचा, हे मान्य. पण आग शनिवारची हाय. सबब, गंज बाहेर काढा, मोरीच्या मागं नेऊन झाकून ठेवा आन उद्या सूर्य उगवल्याशिवाय उघडू नका. नवी आग पेटवा. कणीक मळली, वांगी चिरली, माणसं बसली. नवस तर होणारच."

"पण गुरुजी, नवस बोललाच नव्हता ना," रीना हसत म्हणाली.

"नारळ फुटला का नाही? मंग झाला नवस. आता बोलून टाक. नवी नोकरी मांग मारुतीले."

अशा रीतीनं कुडव्यात पहिल्यांदाच नवस आधी फेडला गेला आणि मग बोलला गेला. देवानंदच्या खात्यात याला कार्योत्तर मंजुरी म्हणतात.

मग नवी आग पेटली. रीना बायकांमध्ये बसून गोळे वळायला लागली. पुण्याच्या कंपनीला गल्लीतल्या बायकांनी अशा अशा शिव्या दिल्या, की त्यांतल्या काही तिला नव्यानं कळल्या. पंगत बसली तेव्हा ती चार रोडगे आणि तीन वाट्या वांग्याची भाजी खाऊन उठली. वाढताना नूतनबाईंनी दोनदा पदरानं डोळे टिपले आणि धुराला नावं ठेवली. संध्याकाळी सुमित्राबाई पोरीला आपल्या घरी घेऊन गेल्या, तिथं ती पुन्हा जेवली.

पण देवानंदचा जीव गंजात अडकला होता. पोरीनं मागितलेली वस्तू तर अजून तिच्या तोंडी गेलीच नव्हती! रविवारी सूर्य उगवला तेव्हा ते मोरीच्या मागं झाकणावरचा दगड उचलून तयारच होते. झाकण हातोडीनं निघालं. वरचं चीज काळंभोर. मधला थर पिवळा आणि थरथरता. तळाशी पास्ता कुठं संपतो आणि गंज कुठं सुरू होतो, हे कळायला मार्ग नव्हता. त्यांनी मधला बरा भाग खरवडून बशीत घेतला, गरम केला, वर कोथिंबीर पेरली आणि रीनासमोर ठेवला. स्वतः समोर स्टुलावर बसले.

रीनानं एक घास घेतला. चावला. बराच वेळ चावला.

"कसा झाला, बेटा?"

"पप्पा, एक सांगू? रागावणार नाही ना?"

"बोल ना."

"मंजूनं हा पास्ता एकदाच केला होता. आम्ही दोघींनी तो कचऱ्यात टाकून वडापाव आणला."

देवानंदनी चष्मा काढला. "मंग तूच तर म्हणाली, तोच पाह्यजे, दुसरं काही नको?"

"तुम्ही दर तासाला येऊन विचारायचे, काय खाशील, काय खाशील. मला वाटलं, गोंदियात जे मिळणारच नाही असं काहीतरी सांगावं. म्हणजे तुम्ही गप्प बसाल."

देवानंद हताश होऊन बायकोकडं वळले. "ऐकलं का, नूतन?"

"मले तं शुक्रवारीच समजलं होतं," नूतनबाई पोह्याला फोडणी घालत म्हणाल्या.

"मंग सांगितलं काऊन नाही?"

"सांगणारच होती. पण मंग म्हटलं, तुमी दिवसभर आंगणात गुंतले तं पोरीले घटकाभर झोप तरी लागन." त्यांनी रीनापुढची बशी उचलून नवऱ्यापुढं सरकवली आणि तिच्या हातात पोह्याची प्लेट दिली. "घ्या, जेवा आता. आन गंज लवकर रिकामा करा, घासायचा तुमालेच हाय."